पावसाच्या डब्याचं तोंड

१

बोरटेकात अख्खा श्रावण कोरडा चालला होता, आणि सरकारी यंत्र म्हणत होतं की मंगळवारी दुपारी गावात दणकून पाऊस पडला.

ही बातमी घेऊन तालुक्याच्या कृषी अधिकारी गीतांजली मॅडम आमच्या ओट्यावर आल्या तेव्हा खुशी पार्वताबाईंच्या पसरलेल्या पायांवर पालथी होती आणि पाठीला तेल लागत होतं. मी परतवाड्याला पोलीस शिपाई आहे. लेकीसाठी रजा घेऊन सासरी, वलगावच्या पुढे असलेल्या या गावात राहत होते. पार्वताबाई शेजारच्या. महादेवाच्या देवळाच्या पायथ्याशी बेल-फुलं विकतात, अन् उरलेल्या वेळात माझी लेक वाढवतात.

"पाऊस?" पार्वताबाई हसल्या. "कोनाच्या सपनात पडला वो, मॅडम?"

मॅडम हसल्या नाहीत.

गोष्ट हसण्यासारखी नव्हतीच. गावानं एकेक रुपया भरून सोयाबीनचा विमा उतरवला होता. नियम साधा होता. भर पावसाळ्यात पाऊस सलग तीन आठवडे दडी मारून बसला, तर त्या महसूल मंडळातल्या प्रत्येक शेतकऱ्याला भरपाईचा काही भाग आगाऊ मिळायचा, हंगाम संपायची वाट न पाहता. पण मधे एक सर जरी नोंदली गेली तरी खंड मोडला आणि भरपाई गेली. पाऊस नोंदवायचं काम देवळापलीकडच्या हवामान केंद्राचं. तारेचं कुंपण, एक खांब, आणि खांबाशेजारी छातीएवढ्या उंचीवर वर तोंड करून बसलेला पांढरा गोल डबा. गाव त्याला पावसाचा डबा म्हणतं. त्यात पडलेलं पाणी आपोआप मोजलं जातं आणि आकडा थेट वर जातो.

"पाऊस नव्हता हे मलाही दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "पण आकडा आहे. म्हणजे कोणीतरी डब्यात पाणी ओतलं. मंगळवारी दुपारी तांब्या घेऊन आत जाताना एका बाईला पाहिलं, अशी तोंडी तक्रार आलीय." त्या ओट्याच्या कडेला टेकल्या. "पार्वताबाई, तुमचं नाव आहे."

खुशीच्या पाठीवरचा हात थांबला.

"उद्या दुपारी मंडळांची यादी जिल्ह्याला जाते. त्याआधी मी इथं पंचनामा करणार. यंत्राशी छेडछाड सिद्ध झाली तर गुन्हा दाखल होईल. आणि गावाच्याच माणसानं पाणी ओतलं म्हटल्यावर भरपाईचं मी कोणाकडे भांडू?"

"मी पानी नाई घातलं," पार्वताबाई म्हणाल्या.

"मग आत गेलाच नव्हता?"

"गेली होती."

"कशाला?"

पार्वताबाईंनी खुशीला उचलून माझ्या हातात दिलं, तेलाची वाटी झाकली आणि उठल्या.

"थे पाऊस येईस्तोवर सांगता येत नाई," त्या म्हणाल्या.

२

"मावशी, उद्या तुमाले ठाण्यात बसवतील," मी म्हटलं. त्यांच्या खोलीत झेंडूचा ढीग पडलेला. त्या दोरा ओवत होत्या. "मी पोलीस आहे. मला सांगा."

"तू पोलीस परतवाड्याची. अठी तू माही पोट्टी." त्यांनी सुई दातात धरली. "इचारू नोको."

"कोणाला वाचवून राहिल्या का?"

"मले कोन हाये वाचवाले?" असं म्हणून त्यांनी खुशीकडे पाहिलं आणि जीभ चावली. "हे हाये म्हना."

खुशीला दात येत होते. जे हाती लागेल ते तोंडात. तिनं झेंडू चोखायला घेतला आणि तोंड वाकडं केलं. मी तिला पार्वताबाईंच्या जुन्या पाळण्यात टाकायला गेले, तर त्या तिथूनच ओरडल्या, "फिरवून ठेवला काय पायना? सारका कर पहिले. कुंकू उगवतीकडं."

पाळण्याच्या दांडीवर त्यांनी लावलेली कुंकवाची पाच बोटं होती. ती मावळतीकडे झाली होती. मी पाळणा फिरवला.

"देव असो का पायना, कुंकवानं सूर्याकडं पाह्यलं पाह्यजे. तुई माय शिकवत नोहोती?"

माझं माहेर पातूर. तिकडं कुंकू जिकडं तोंड तिकडं लागायचं. इथल्या कितीतरी गोष्टी मला नवीन होत्या. सोमवारी देवळात गेले तर महादेवाची पिंड दिसेचना, वरपासून खालपर्यंत शेणानं लिंपलेली. मी दचकले होते. सासूबाईंनी मला बाहेर आणून हळूच सांगितलं, पाऊस रुसला की बाया देवाला लिंपतात. गुदमरला की तोच पावसाला हाक मारतो. कोणी लिंपलं ते पाऊस येईपर्यंत सांगायचं नाही, आणि लिंपण माणसानं काढायचं नाही. पावसानंच धुवायचं. काढेल त्याच्या वावरावर पाऊस फिरकत नाही, ही इथली भीती.

मला ती गोष्ट आवडली होती. पाया पडून भागलं नाही तर देवालासुद्धा सुनावणाऱ्या बाया.

पण त्या क्षणी माझं डोकं दुसरीकडेच होतं. कुंपणाला कुलूप असतं. पार्वताबाई आत गेल्या कशा?

३

कुलपाची किल्ली देवराव काकांच्या घरी, दाराआडच्या खिळ्यावर असते. केंद्र त्यांच्या गोदामाला लागून म्हणून राखण त्यांच्याकडे, आणि तक्रारही त्यांनीच केलेली. देवराव काका म्हणजे माझे चुलत सासरे. संत्र्याच्या बागा झाडावरच ठोक विकत घेतात. अंगणात क्रेट दुरुस्त होत होते.

"या सूनबाई. नातीले आनलं काय?" त्यांनी खुशीच्या गालाला हात लावला. "रजेवरबी चौकशी चालू हाये म्हनते गाव."

"मावशीचं ऐकलं म्हणून आली. काका, तुमी खरंच पाह्यलं?"

"डोयानं पाह्यलं. मंगळवारी दुपारी गोदामातून निंगालो, तं हे बाई आत. तांब्या उपडा केला डब्यात. पानी पडताना पाह्यलं मी."

"हाक नाही मारली?"

"म्हातारं मानूस. देवाधर्माचं काई असन म्हटलं. मले का मालूम तिच्यानं गावाची भरपाई जाईन?" त्यांनी मान हलवली. "वाईट झालं. पोया आला तोंडावर. लोकाईचा हात रिकामा."

"म्हणून क्रेट काढले का एवढ्या लवकर?"

काका हसले. "तुये डोये पोलिसाचे. हाव, बागा लवकर चालल्या यंदा. ज्याले गरज हाये तो देते. आपन काई हात पिरगायत नाई."

आतून जमुनाकाकू चहा घेऊन आल्या. त्या कमी बोलतात. नवऱ्यासमोर तर नाहीच.

"काकू, किल्ली कोणी नेली होती?"

"सोमवारी सकाळी पार्वताबाईनं. लगेच आनून देल्ली."

"आणि मंगळवारी?"

काकूंनी कपात पाहिलं. "मंगळवारी... खिळ्यालेच होती."

"काय तेच तेच इचारतं?" काका म्हणाले. "तिनं परत नेली असन. दार उघडंच रायते. मंगळवारी तं थो अकोल्याचा पोट्टाबी आला होता मशीन पाहाले. त्याले इचार."

अकोल्याचा पोट्टा म्हणजे नितेश. केंद्रांची देखभाल करणारा. मी घरी येऊन त्याला फोन लावला. खुशी फोनची वायर ओढत होती.

"आलो होतो मॅडम," तो म्हणाला. "पण आत गेलो नाही. किल्लीच मिळाली नाही. काकू म्हणाल्या खिळ्यावर नाहीये. मी पुढच्या गावाला निघून गेलो."

"आत गेला असतास तर काय केलं असतं?"

"नेहमीचंच. डब्याचे स्क्रू काढून वरचा डबा उचलायचा, नरसाळं पुसायचं, आत छोटा झोका असतो तो बोटानं हलवून पाहायचा. झोका हलला की यंत्राला वाटतं पाणी आलं. म्हणून आधी तार काढतो. नाहीतर खोटा पाऊस वर जाईल ना."

"हे करताना कोणी बघत असतं?"

"काका असतात की. चहा घेऊन उभेच राहतात. हौस आहे त्यांना."

मी फोन ठेवला. काकू म्हणतात किल्ली खिळ्यावर होती. नितेश म्हणतो नव्हती. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं, आणि दोघांनाही बोटानं पाऊस पाडणं शक्य होतं. एकाला येतच होतं, दुसरीच्या घरात ते पाहिलेला माणूस होता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुशीला कडेवर घेऊन केंद्राकडे निघाले. विहिरीपाशी जमुनाकाकू भेटल्या. त्यांनी खुशीचं टोपडं सारखं केलं, आणि टोपड्याची गाठ बांधता बांधता माझ्या मुठीत काहीतरी थंड ठेवलं. किल्ली.

"थे वलगावले गेले," एवढंच म्हणाल्या आणि घागर उचलून चालू लागल्या.

कुलूप उघडलं. गवत पिवळं पडलेलं. मी डब्याजवळ गेले, वाकून आत डोकावले, आणि तशीच उभी राहिले.

डब्याला तोंडच नव्हतं.

काठापासून काठापर्यंत शेणाचा जाड थर. वाळून टणक झालेला, पाच बोटांच्या रेघा उमटलेल्या, मधोमध बेलाचं पान. सोमवारी देवाला लिंपून उरलेलं शेण घेऊन पार्वताबाई इथं आल्या होत्या. महादेव ऐकत नाही तर सरकारच्या पावसालाही लिंपू. मला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. म्हणून त्या बोलत नव्हत्या. पाऊस येईपर्यंत सांगायचं नाही. अटक झाली तरी चालेल, पण पाऊस हुकायला नको. गावाचा पाऊस.

मग हसू विरलं. सोमवारी सकाळी तोंड लिंपलेलं, मंगळवारी दुपारी पोटात पाऊस. तो गेला कुठून?

खुशी डब्याच्या बाजूला हात लांब करून काहीतरी खरवडू लागली. लाल. कुंकवाची पाच बोटं. तिच्या पाळण्यावर असतात तशीच.

मी सूर्याकडे पाहिलं. सूर्य माझ्या पाठीशी होता, देवळाच्या कळसावर. कुंकू डब्याच्या पलीकडच्या बाजूला होतं. ते गोदामाकडे पाहत होतं, मावळतीकडे.

मी खुशीचं बोट पुसलं आणि तिच्या कानात म्हटलं, "सापडला गं."

५

दुपारी गीतांजली मॅडम आल्या तेव्हा अर्धं गाव कुंपणाशी होतं. बाया जास्त. मी अकोल्याहून नितेशला बोलावून घेतलं होतं. देवराव काका साक्षीदार म्हणून पुढे उभे होते. पार्वताबाई एका बाजूला, पदर घट्ट धरून.

"मॅडम, पंचनामा करायच्या आधी साक्ष एकदा सगळ्यांसमोर होऊ द्या," मी म्हटलं. "काका, मंगळवारी काय पाह्यलं?"

"किती डाव सांगू? तांब्याभर पानी ओतलं तिनं डब्यात."

"पाणी आत गेलं?"

"नाई तं का हवेत रायलं?" दोघं-चौघं हसले.

"मॅडम, आत डोकावून पाहा."

मॅडमनी पाहिलं. नितेशनं पाहिलं. मागून बायांमध्ये कुजबुज झाली आणि थांबली. पार्वताबाईंनी डोळे मिटले.

"हे लिंपण कोणी केलं ते मी विचारत नाही," मी म्हटलं. "कोणी सांगणारही नाही. पण तांब्याचं पाणी या शेणावर पडलं असतं तर ते भिजून विरघळलं असतं. रेघासुद्धा मोडल्या नाहीत."

"मग थे मंगयवारनंतर लिंपलं असन," काका म्हणाले. आवाज शांत होता. "पानी ओतलं, मंग लिंपलं."

"तेही पाहू. नितेश, वरचा डबा काढ. शेण पडू देऊ नको."

नितेशनं स्क्रू काढले आणि डबा हळूच उचलून तसाच सरळ धरला. खालून नरसाळ्याचं बारीक भोक दिसत होतं. मी खुशीचा हात त्याखाली धरला. डब्याला टिचकी मारली. तिच्या तळव्यावर धूळ पडली. मऊ, कोरडी, पिठासारखी. खुशीनं मूठ वळली आणि ती खायला निघाली. मी तिचा हात धरून मॅडमना दाखवला.

"पाणी या भोकातून गेलं असतं तर इथं चिखलाचे ओघळ वाळलेले दिसले असते. इथून थेंब गेलेला नाही. आभाळाचा नाही, तांब्याचाही नाही. तरी आतल्या झोक्यानं पाऊस मोजला. म्हणजे कोणीतरी हा डबा असाच काढला आणि झोका बोटानं हलवला."

सगळ्यांच्या नजरा नितेशकडे वळल्या. तो पांढरा पडला.

"मला पण आधी तोच वाटला," मी म्हटलं. "नितेश, नरसाळं घाण झालंय. पुसून टाक."

"हो." त्यानं खिशातून फडकं काढलं आणि बेलाच्या पानाकडे हात नेला.

"हात नोको लावू."

आवाज काकांचा होता. बायांच्या आधी, पार्वताबाईंच्याही आधी. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"पाऊस आल्याबिगर काढत नसते," ते म्हणाले, आता हळू.

"तेच," मी म्हटलं. "नितेशनं डबा उघडला असता तर त्यानं आधी हे पुसलं असतं. त्याच्यासाठी ही घाण आहे, पुसणं त्याचं काम आहे. पण ज्यानं मंगळवारी उघडला, त्यानं शेणाला धक्का न लावता डबा उचलला, आणि शेणाला धक्का न लावता परत ठेवला. देवाची भीती होती त्याला. म्हणजे माणूस बोरटेकचा. पाणीच ओतायला आला असेल तो. तोंड लिंपलेलं दिसलं. फोडायची छाती झाली नाही, म्हणून खालून हात घातला. फक्त ठेवताना डबा फिरला. हे कुंकू पाहा. कुंकू उगवतीला लावायची इथली रीत, आणि हे मावळतीकडे पाहून राहिलं."

"सूनबाई," काका म्हणाले, "सासरच्या मानसाचं नाव घेताना इचार कर."

"विचार करूनच घेते. काका, लिंपलेल्या डब्यात पाणी पडताना तुमी डोयानं पाह्यलं. ते पाणी दाखवा मले."

काका गोदामाकडे वळून पाहू लागले.

"गावाच्या हातात भरपाई आली असती तर कोणी पोळ्याच्या आधी बाग दिली नसती. भाव धरून बसले असते लोक. तुमचे क्रेट रिकामे राहिले असते."

"किल्ली खिळ्याले होती," काका म्हणाले. "इचारा जमुनेले. होती ना वं?"

जमुनाकाकू बायांच्या मागे उभ्या होत्या. बायांनी वाट करून दिली. त्या पुढे आल्या, नवऱ्यापासून हातभर अंतरावर थांबल्या, आणि पहिल्यांदाच मी त्यांचा पूर्ण आवाज ऐकला.

"नोहोती. यायच्या खिशात होती. त्या पोट्ट्याले मी परत पाठोलं, अन् काल यायच्यासाठी खोटं बोलली. आज नाई बोलत. माह्याबी बापाचं सोयाबीन हाये शेजारच्या गावात, अन् संत्राबी. तोबी याच मंडयात हाये."

गीतांजली मॅडमनी पेन काढलं आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहू लागल्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "मी अहवाल पाठवते. वरून जो निर्णय होईल तो कळवू."

"कधी?" मी विचारलं.

"प्रक्रिया असते."

कोणी काही ठरवलं नव्हतं. पण आधी एक बाई जीपसमोर बसली, मग दुसरी, मग सासूबाई. जमुनाकाकूही बसल्या.

"मॅडम, तुमच्यावर राग नाही," मी म्हटलं. "पण योजना सरकारची म्हणून भीक नाही. नियम तुमचाच. पाऊस नाही तर भरपाई. पाऊस नव्हता, हे आत्ता तुमच्या हातानं लिहिलं तुमी. यादी अजून गेली नाही. फोन करा."

मॅडमनी बायांकडे पाहिलं. मग खुशीकडे, जी आता त्यांच्या पेनासाठी हात पसरत होती. त्यांनी पेन तिला दिलं आणि फोन लावला. बराच वेळ बोलल्या. मधे एकदा त्यांचा आवाज चढला: "नाही सर, मी स्वतः उभी आहे इथं. डोळ्यांनी पाहिलं, आत कोरडी धूळ आहे. आकडा रद्द धरा, मंडळ यादीत घ्या. जबाबदारी माझी." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "घेतलं."

बाया उठल्या नाहीत. पाय मोकळे करून तिथंच बसल्या, जणू सावली चांगली होती. देवराव काका गोदामाच्या भिंतीला टेकून उभे होते. वलगावच्या ठाण्याला फोन मीच केला. त्यांच्याकडे न पाहता केला नाही, पाहून केला.

नितेश अजून डबा हातात धरून उभा होता. "हे बसवू कसं? तोंड बंद ठेवून चालणार नाही मॅडम. उद्या खरंच पाऊस आला तर यंत्र म्हणेल आलाच नाही."

लिंपणाला हात लावू द्यायला कोणी तयार नव्हतं, आणि नितेशचं म्हणणंही खोटं नव्हतं.

पार्वताबाई पुढे आल्या. त्यांनी डबा त्याच्या हातातून घेतला, जमिनीवर ठेवला, बेलाचं पान कपाळाला लावलं आणि नखांनी लिंपण सोलायला लागल्या. बायांमधून कोणीतरी "अवं पार्वता" म्हणालं.

"ओरडू नोका," त्या म्हणाल्या. "मीच लिंपलं, मीच काढतो. रुसला माह्यावर पाऊस तं रुसू दे, माह्याजवळ वावर कुठी हाये?" शेवटची खपली निघाली. त्यांनी पदरानं काठ पुसला, डबा नितेशला दिला आणि कुंकू उगवतीला येईपर्यंत त्याला फिरवायला लावला.

"याचं तोंड उघडं पाह्यजे. यानं खरं बोललं पाह्यजे," त्या म्हणाल्या. मग देवळाकडे बोट केलं. "त्याचं राहू द्या बंद. त्याची चौकशी अजून चालू हाये."

आणि शेणाचा हात झटकून त्यांनी दुसरा हात खुशीसाठी पुढे केला.